भक्त देवस्थानाचे, पाणी कुरनूरचे

सोलापूर सोडून अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादरी-टॉवेलचे कारखाने मागे टाकले की गुरुवारी रस्त्याला गाड्यांची रीघ दिसते. पुण्या-मुंबईच्या, कर्नाटकाच्या. सगळ्या निघालेल्या असतात चाळीसेक किलोमीटरवरच्या अक्कलकोटला, स्वामी समर्थांच्या दर्शनाला. रस्ता चौपदरी झाला आणि गर्दी आणखी वाढली.

या गर्दीची व्यवस्था कोण पाहतं? पंढरपुरात 1973 च्या कायद्याने मंदिर बडवे-उत्पातांकडून सरकारने नेमलेल्या समितीकडे गेले आणि कज्जा थेट 2014 साली सुप्रीम कोर्टात संपला. अक्कलकोटात तसं झालं नाही. स्वामींनी 1878 साली समाधी घेतली. वटवृक्ष मंदिर, चोळप्पांच्या घरचा समाधी मठ आणि 1988 साली जन्मेजयराजे भोसले यांनी सुरू केलेलं अन्नछत्र मंडळ ही सगळी स्थानिक माणसांनी चालवलेली ठिकाणं. अन्नछत्रात येईल त्याला दोन्ही वेळ जेवण मिळतं, तेही फुकट, आणि ते सारं देणग्यांवर चालतं. सरकारी खात्याला हे इतकी वर्षं जमलं असतं का, हा प्रश्न ज्याने त्याने मनाशी विचारावा.

पण देवस्थानाचा कारभार भिंतीच्या आत संपतो. भिंतीबाहेर नगरपरिषद. नळाचं पाणी, गटार, पत्रावळ्या अन् प्लास्टिकचा कचरा तिच्याच गळ्यात. सरकारी अनुदान ठरताना मोजली जाते ती जनगणनेतली लोकसंख्या. सणासुदीला गावात मुक्कामी असलेला भाविक त्यात कुठेच नसतो. तो पाणी मात्र पितो.

आणि हे पाणी कुठलं? बोरी नदीवरच्या कुरनूर धरणाचं. त्याच धरणावर शेतकऱ्याचा ऊस आणि तूर, त्याच धरणावर अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनीचे नळ. पाऊस कमी झाला की आधी पिण्याला राखीव, हा नियम बरोबरच आहे. पण ‘पिण्याला’ म्हणजे गावकऱ्यांच्या पिण्याला, की भक्तनिवास आणि लॉजच्या टाक्यांनाही? त्याचा वेगळा हिशेब मांडला जात नाही, तोवर पाळी चुकणारा शेतकरी देवाला नाही पण देवस्थानाला बोल लावणारच. राज्य सरकारने तीर्थक्षेत्र आराखडा केला, पण नुसत्या फरशा आणि कमानींनी कुरनूरमध्ये पाणी वाढत नाही.

उपाय अगदीच नाहीत असं नाही. नगरपरिषद कायद्यात यात्रेकरूंवर कर बसवण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायत कायद्याच्या 124 व्या कलमातही आहे. भाविकाकडून कर घ्यायचा म्हटलं की पुढाऱ्यांना धडकी भरते, हा भाग वेगळा. त्यापेक्षा सोपी वाट अशी, की विश्वस्त, नगरपरिषद आणि पाटबंधारे खात्याने दर उन्हाळ्यापूर्वी एकत्र बसून पाण्याचा आकडा ठरवावा, सांडपाणी शुद्ध करून शेताला द्यावं आणि अन्नछत्राची डाळ, भाजी, ज्वारी शक्य तेवढी तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडून घ्यावी. दुधनीच्या बाजारात तूर काय थोडी येते?

विश्वस्त संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो. तोच हिशेब, निदान गावाशी संबंधित खर्चाचा, देवळाच्या फलकावर लागला तर कुजबूज आपोआप थांबेल.

सरपंच-ग्रामसेवकांनी हे वाचून ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणू नये. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तिथला शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख बघायला आज अभ्यासक येतात, उद्या बसगाड्या येतील. तेव्हा वाहनतळाची जागा कुणाची, दुकानांचं भाडं कुणाला आणि उसाच्या रानात शिरणारी माणसं अडवायची कुणी, हे ग्रामसभेने आताच ठरवलेलं बरं. एकदा टपऱ्या उभ्या राहिल्या की त्या हलवताना पोलीस बोलवावे लागतात.