चिठ्ठीवरची लॅटिन, घरातली गोळी

किनवट, मुखेड, देगलूरहून आलेले रुग्ण नांदेडच्या डॉक्टर लेनमधून बाहेर पडतात, तेव्हा हातात औषधांची चिठ्ठी असते. तिच्यावर औषधांच्या नावापुढे ‘ओडी’, ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एसओएस’ अशी अक्षरे असतात. ही इंग्रजी असावी, असा बहुतेकांचा समज. प्रत्यक्षात ती लॅटिन आहे.

युरोपात कित्येक शतके वैद्यकाची भाषा लॅटिन होती. त्या काळाच्या खुणा चिठ्ठीवर टिकून आहेत. वरचे ‘आरएक्स’ म्हणजे ‘रेसिपे’, अर्थात ‘घे’. स्वयंपाकाची ‘रेसिपी’ही त्यातलीच. ‘बीडी’ म्हणजे ‘बिस डिए’, दिवसातून दोनदा. ‘टीडीएस’ म्हणजे दिवसातून तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज पडल्यास.

गंमत अशी, की हे शब्द आपल्या नात्यातलेच आहेत. ‘बिस’ आणि संस्कृत ‘द्विः’, ‘डिए’ आणि ‘दिवस’, झोपेचा ‘सोम्नस’ आणि ‘स्वप्न’ ही एकाच भाषाकुळातली भावंडे. म्हणजे मराठीत सहज सांगता येणारी गोष्टच रुग्णापासून दोन अक्षरांत लपवली जाते.

यात धोका आहे. ‘ओडी’ म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या चिठ्ठीत तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी वापरतात. पॅरासिटामॉलपुढे नुसते ‘एसओएस’ लिहिले, तर गरज पडली तरी दिवसात किती गोळ्या चालतील, हे कळत नाही. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त घेणे यकृताला घातक ठरू शकते. संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जगात मृत्यू झाले आहेत. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने २००४ मध्ये ‘रोज एकदा’ या अर्थाचे ‘क्यूडी’ हे लघुरूप न वापरण्याच्या यादीत टाकले, ते अशा चुका टाळण्यासाठीच.

भारतात २०१६ मध्ये चिठ्ठी वाचता येईल अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावी, असा नियम आला. पण अक्षर वाचता आले म्हणजे अर्थ कळला, असे होत नाही.

बाहेर रांग लागलेली असताना डॉक्टरांना वेळ नसतो, हे खरे. म्हणून डॉक्टर आणि औषध दुकानदार यांच्यापुरती लॅटिन राहू द्यावी. रुग्णासाठी मात्र ‘सकाळी १, रात्री १, जेवणानंतर’ एवढी एक ओळ मराठीत हवी. काही डॉक्टर ‘१-०-१’ असे लिहितातच. छापील चिठ्ठीवर सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने असले, तर तेवढाही वेळ लागणार नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्राची चित्रे पुरतात. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ही सवय तिथल्या विद्यार्थ्यांना पहिल्या चिठ्ठीपासून लावता येईल.

‘डॉक्टर’ हा शब्दही लॅटिनच. त्याचा मूळ अर्थ ‘शिकवणारा’. गोळी कधी आणि किती घ्यायची, हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणे हे डॉक्टरच्या नावातच लिहिलेले काम आहे.