मुलीच्या नावाला खोटा अर्थ का चिकटवता?

१/ राळेगावसारख्या तालुक्याच्या गावीही बारशाची रीत टिकून आहे. आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते आणि नाव सांगते. मात्र ते नाव आता बहुधा मोबाइलवरील यादीतून आलेले असते आणि त्यापुढे ठरलेली तीन विशेषणे असतात : दुर्मीळ, अर्थपूर्ण, संस्कृत. हा धागा त्या तिसऱ्या विशेषणाविरुद्ध आहे. नाव कोणतेही ठेवा. त्याचा इतिहास खोटा सांगू नका.

२/ ‘शनाया’ घ्या. अर्थ सांगतात, सूर्याचा पहिला किरण. संस्कृतात किरणाला अंशु, रश्मि, मरीचि, मयूख, गभस्ति असे कितीतरी शब्द आहेत. शनाया त्यांत नाही. हे नाव घराघरांत पोहोचले ते २०१२ च्या एका हिंदी चित्रपटामुळे आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या एका मराठी मालिकेमुळे. सूर्याचा येथे काही संबंध नाही.

३/ ‘कियारा’. इटालियन ‘क्यारा’ म्हणजे उजळ, स्वच्छ. याच्याशी उच्चाराने जवळचे आयरिश नाव ज्या शब्दावरून आले, त्याचा अर्थ काळा. आपल्याकडे ते रुजले २०१० च्या ‘अंजाना अंजानी’ चित्रपटातील नायिकेपासून. युरोपातील दोन परस्परविरोधी अर्थ बाजूला सारून त्याला संस्कृत ठरवण्याचे धाडस यादीवालेच करू जाणोत.

४/ ‘मायरा’ हे नाव इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल याने आपल्या कवितांसाठी घडवले असे मानले जाते. तो १६२८ मध्ये वारला. राजस्थानात मात्र ‘मायरा’ म्हणजे भाचरांच्या लग्नात मामाने आणलेला आहेर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, रंजकही आहेत. यादीत यांपैकी एकही सापडत नाही.

५/ कोणी म्हणेल, गोड वाटले म्हणून ठेवले, एवढे काय बिघडले? गोड वाटणे हे पुरेसे कारण आहे, तेच सांगा. पण नाव हा ऐतिहासिक पुरावा असतो. ते कोणत्या भाषेतून आले, कोणी धारण केले, कोणी बदलले, यावरून समाज कळतो. खोटी व्युत्पत्ती हा पुरावा पुसून टाकते आणि खऱ्या नावांकडे आपली पाठ फिरवते.

६/ खरी नावे पाहा. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुळाच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती आता नष्ट झाल्या आहेत. त्यांच्यावरची ब्राह्मी अक्षरे उरली. त्यांत राणी नागनिकेचे नाव आहे, ‘नायनिका’ या प्राकृत रूपात. दोन हजार वर्षांत चेहरा गेला, नाव राहिले. ते दुर्मीळ आहे आणि त्याला संस्कृतचे उसने प्रमाणपत्र लागत नाही.

७/ नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी, नातू पुळुमावी. ती स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते. मुलाच्या नावात आईचे गोत्रनाम आधी येते, हे येथे दिसते. ‘बलश्री’ नावाची मुलगी आज तुमच्या वर्गात आहे काय?

८/ आता आपला विदर्भ. पाचव्या शतकात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने पती रुद्रसेन (दुसरा) याच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्यकारभार पाहिला. तिच्या ताम्रपटांपैकी एक अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा. ताम्रपटांत ती आपले गोत्र ‘धारण’ सांगते. ते माहेरचे, म्हणजे गुप्तांचे. आई कुबेरनागा, वडील दुसरा चंद्रगुप्त.

९/ त्याच रिद्धपुरात तेराव्या शतकात महानुभावांची मराठी बहरली. महदाइसा ही मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते; तिचे ‘धवळे’ प्रसिद्ध आहेत. तिच्या सोबतिणींची नावे वाचा : बाइसा, आउसा, उमाइसा, हिराइसा. ही अस्सल मराठी घडणीची नावे आहेत. राळेगावहून रिद्धपूर काही तासांवर आहे. आपण मात्र नावाच्या शोधात थेट इटलीपर्यंत जातो आणि परत येऊन ‘संस्कृत’ म्हणतो.

१०/ इतिहास केवळ राण्यांचा नसतो. मुले दगावत असलेल्या घरांत धोंडी, दगडी, केरी अशी नावे ठेवत. इतके क्षुद्र नाव ऐकून मृत्यूने लेकराकडे दुर्लक्ष करावे, ही त्यामागची समजूत. शब्द कुरूप, पण त्यात आईची भीती आणि माया दडलेली.

११/ याच्या अगदी उलट ‘नकोशी’, ‘नकुशी’. मुलगाच हवा असताना मुलगी झाली, म्हणून दिलेले नाव. येथे माया लपवलेली नाही, नकार जाहीर केलेला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात २८५ मुलींची अशी नावे बदलण्यात आली. ज्यांना नावाचा खरा अर्थ रोज सोसावा लागला, त्यांच्यापुढे ‘अर्थपूर्ण नावे’ हा शब्द जपून उच्चारावा.

१२/ आणि चांगले नाव मिळाले तरी ते टिकू देतात असे नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. रमाबाई रानडे यांचेही यमुना. लग्नानंतर दोन्ही यमुना लोपल्या. प्रभावतीगुप्तेने पाचव्या शतकात माहेरचे गोत्र जपले. ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहिण्याची हौस आपल्याकडे अजून फिटलेली नाही.

१३/ शुद्धतावाद्यांनी आनंदून जाऊ नये. परभाषेतले नाव म्हणजे विटाळ नव्हे. ‘गुलाब’ हा शब्द फारसीतून आला आणि कित्येक गुलाबबाई आपल्या आज्या-पणज्या झाल्या. कियारा खुशाल ठेवा. मोठी झाल्यावर तिला तिच्या नावाचा खरा प्रवास सांगा. तो खोट्या सूर्यकिरणापेक्षा अधिक रंजक आहे.

१४/ इतिहासप्रेमी मित्रांनो, आता एक काम करा. आपल्या बहुतेक वंशावळींत पुरुषांचीच नावे असतात. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसा आणि चार पिढ्यांतल्या स्त्रियांची माहेरची नावे लिहून घ्या. तुमच्या घरातील पुढच्या मुलीसाठी दुर्मीळ नाव कदाचित त्या कागदावरच सापडेल. न सापडले, तरी पणजीचे पुसले गेलेले नाव तेवढे परत मिळेल.