पिंजरा लावण्यापूर्वी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील एखाद्या वस्तीवर बिबट्या दिसला, की दुसऱ्या दिवशी सकाळी वनविभागाकडे एकच मागणी येते : पिंजरा लावा. वनरक्षक येतो, ओल्या मातीतील ठसा पाहतो, मेलेल्या शेळीचा पंचनामा करतो, गोठ्याभोवती फिरून चार प्रश्न विचारतो. परंतु पिंजरा आल्याशिवाय सरकार आले असे गावाला वाटत नाही. लोखंडी गजांच्या त्या पेटीत एका कप्प्यात शेळी बांधली आणि दार वर ओढून ठेवले, म्हणजे काही तरी झाले. पिंजरा डोळ्यांना दिसतो. जे खरे काम आहे ते मात्र सहसा दिसत नाही.

हिंस्र प्राण्यांचे व्यवस्थापन करणारा सरकारी तज्ज्ञ म्हटला, की आपल्या मनात बंदूकधारी शिकाऱ्याचेच चित्र उभे राहते. १९२६ साली रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला जिम कॉर्बेट यांनी मारले. तेव्हापासून ते चित्र पुसले गेलेले नाही. आजच्या वनाधिकाऱ्याचे आणि त्याच्या सोबतीच्या पशुवैद्याचे काम त्याहून वेगळे आणि अनेक अर्थांनी अधिक अवघड आहे. त्यांच्यासमोर एक नरभक्षक नसतो. माणसांच्या दारात जन्मलेले, दारातच वाढलेले आणि बहुतेक वेळा माणसाला टाळून जगणारे अनेक बिबटे असतात. त्यांतला कोणता धोकादायक, हे ठरवायचे असते. आणि ते ठरवताना बाहेर जमाव उभा असतो.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशा धरणांमुळे या भागात पाणी आले आणि पाण्यापाठोपाठ ऊस आला. बारा ते अठरा महिने उभे राहणारे हे पीक बिबट्याला जंगलाइतकेच सोयीचे. दिवसा लपायला दाट आडोसा, प्यायला पाणी, आणि पोट भरायला वस्तीवरची कुत्री, शेळ्या, कोंबड्या. शेजारच्या अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या अन्नात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचाच निघाला. उसात पिल्ले जन्मतात, ऊसच त्यांचे घर होते. ‘जंगलातला प्राणी गावात शिरला’ हे नेहमीचे वाक्य इथे पूर्ण खरे नाही.

ही गोष्ट ध्यानात न आल्याने एक मोठी चूक घडली. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात पकडलेले २९ बिबटे सरासरी चाळीस किलोमीटर दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. हेतू चांगला होता. प्राणी वाचेल आणि माणूसही सुरक्षित राहील, अशी अपेक्षा होती. घडले उलटे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानुसार, पूर्वी वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरील हल्ले सतरापर्यंत गेले, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पकडला जाताना आणि पिंजऱ्यात प्रवास करताना प्राणी भेदरतो. अनोळखी मुलखात त्याला ना पाणवठा ठाऊक, ना लपण. तिथे दुसऱ्या बिबट्याचे राज्य असते. म्हणून तो परतीची वाट धरतो आणि वाटेतल्या गावांशी त्याची गाठ पडते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण बिबट्या घेतो. म्हणजे एका गावाची भीती कमी झाली नाहीच, उलट ती दुसऱ्या गावाच्या पदरात टाकली गेली.

बिबट्या किती लांब चालतो, हे पुढे एका वयस्क नराने दाखवून दिले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे तो विहिरीत पडला होता. गळ्यात जागा कळवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. महिन्याभरात महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडून तो सव्वाशे किलोमीटरवरच्या मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. संशोधकांनी प्रेमाने त्याला ‘आजोबा’ म्हटले. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. एवढ्या प्रवासात त्याने कोणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या अखेरीस मात्र महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

या अनुभवांतून २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावू नये, हा त्यांतील महत्त्वाचा भाग. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ज्या आईने रात्रभर लेकराला पोटाशी धरून पहाट केली, तिला ‘पिंजरा लावणार नाही’ असे सांगायला वनरक्षकाला मोठे धैर्य लागते. आणि नुसते धैर्य असून भागत नाही, तिला पटेल असे दुसरे काही देता यावे लागते.

इथेच तज्ज्ञाचे हात अपुरे पडतात. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळत असेल, तर शेतकऱ्याला रात्रीच उसाला पाणी द्यावे लागते. अंधारात वाकून दारे धरणारा माणूस बिबट्याला माणूस वाटेलच असे नाही. म्हणजे विजेचे वेळापत्रक हाही वन्यजीव व्यवस्थापनाचा प्रश्न झाला. पण ते वेळापत्रक वनखात्याच्या हाती नाही. कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकलेला मांसाचा कचरा, मोकाट कुत्री, घराला खेटून लावलेला ऊस, उघड्यावर बसलेली मेंढपाळांची वाघर, यांपैकी काहीच त्याच्या अखत्यारीत नाही. ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांना तर दारही नसते, आणि त्यांतली मुले जमिनीवर झोपतात. बिबट्यासंबंधीच्या चर्चेत या मुलांची आठवण सर्वांत शेवटी होते, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुले होती. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याचे वाहन पेटवले. अखेर परवानगी घेऊन एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. या निर्णयाने काही प्राणिप्रेमी दुखावले असतील. तथापि शहरात बसून सहजीवनाचा उपदेश करणे सोपे असते, कारण त्याची किंमत दुसरेच कोणी मोजत असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिले, आणि माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकारही मुख्य वन्यजीव रक्षकाला दिला. माणसांवर वारंवार हल्ला करणारा प्राणी हटवलाच पाहिजे. मात्र त्या एकाच्या रागापोटी दिसेल तो बिबट्या पकडत सुटणे म्हणजे २००१ ची चूक पुन्हा करणे होय. शिवाय पकडलेले ठेवायचे कुठे? जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील निवारा केंद्रात काही बिबटे आयुष्यभर पिंजऱ्यातच आहेत; त्यांच्या खाण्यापिण्याचा आणि औषधपाण्याचा भार रोजचा आहे, आणि उसातील जन्म थांबलेले नाहीत.

अकोल्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी समाज दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतो, वाघोबाला नैवेद्य दाखवतो. तिथे बिबट्याचे भय नव्हते असे नाही. भय होते म्हणूनच देव झाला. पण त्या भयाबरोबर सवयीही आल्या : गुरे दिवेलागणीला आत, गोठा बंदिस्त, अंधारात बाहेर पडताना हातात काठी आणि तोंडाने आवाज. ऊस नव्याने आलेल्या सपाटीवरील गावांना या सवयी वारशाने मिळालेल्या नाहीत. त्या तिथे रुजवण्याचे काम कोणी तरी वर्षभर, हल्ला झालेला नसतानाही, करावे लागते. त्यासाठी माणसे, वाहने आणि पैसा पिंजऱ्यांइतक्याच तत्परतेने मिळाला पाहिजे.

तोडणीच्या हंगामात उसाच्या फडात पिल्ले सापडतात. कामगार कोयते थांबवतात, वनखात्याला कळवतात. पशुवैद्य पिल्ले तपासतो, आणि दिवस कलला की ती एका पेटीत घालून, जिथे सापडली तिथेच ठेवली जातात. सर्वांना दूर पाठवले जाते, कॅमेरा लावला जातो. आई परत आली नाही, तर पिल्लांचे आयुष्य पिंजऱ्यात जाणार, आणि पिल्लांच्या शोधात ती फिरत राहिली, तर वस्तीची रात्र धोक्यात. म्हणून फडाच्या टोकाला अंधारात दोन माणसे गाडीत बसून राहतात. दिवे बंद, बोलणे बंद. बहुतेक वेळा मादी येते, पेटी लवंडते, एकेक पिल्लू तोंडात धरून उसात नाहीशी होते. सकाळी रिकामी पेटी उचलून ती माणसे निघून जातात, आणि गावात कोणी विचारले, ‘पकडला का?’ तर नाही म्हणतात.