मागण्यांच्या यादीत झाडू कुठं आहे?

आपल्यातले काही शहाणे म्हणतात, संप हा लाल झेंडेवाल्यांचा धंदा, आपला प्रश्न जातीचा. या शहाण्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, पण बाबासाहेबांचं १९३८ साल त्यांच्या घरात शिरलेलं नाही. त्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मनमाड काय विलायतेत आहे? त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीनं रस्त्यावर होता. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, हे ते विधिमंडळात ठणकावून बोलले. तेव्हा जयभीम म्हणून लगेच 'संप आपला नाही' म्हणायचं, हे जमणार नाही.

आता एसटीचं. नंदुरबार जिल्ह्यात चार आगार. नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा. धडगाव-मोलगीच्या डोंगरात सरकार म्हणून जे काही पोचतं, त्यात ही लाल गाडी पहिली. आणि तिच्या स्टेअरिंगवर, तिकिटाच्या पेटीमागं आपली पोरं, भिल्ल-पावरांची पोरं. राखीव जागेतून लागलेली. वस्तीत त्यांना 'नोकरीवाला' म्हणतात आणि जयंतीची मोठी पावती त्यांच्याच नावावर फाडतात. २०२१च्या ऑक्टोबरअखेर हीच माणसं महामंडळ शासनात विलीन करा म्हणून उठली. राज्यभर नव्वद हजारांच्या घरात कामगार. तेव्हा पावती फाडणारे किती जण फाटकावर गेले?

मी गेलो. चारांतल्या एका आगाराच्या फाटकावर, नाव घेत नाही. दिवाळी संपाच्या मंडपात, नाताळ मंडपात, संक्रांत मंडपात. पगार बंद. निलंबनाचे कागद यायचे, मग बडतर्फीचे. राज्यात कित्येकांनी जीव दिला. सरकारनं नोव्हेंबरात मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली, तरी माणसं हलली नाहीत. भाकरी घरोघरून यायची, सगळे एका पंगतीला बसायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला ते खरंच आवडलं.

पण स्टँड झाडणारी एक आक्का रोज मंडपाच्या कडेला येऊन बसायची. सतरंजीवर नाही, कडेला. तिचं काम ठेक्यावर. एक दिवस मागण्यांचा कागद वाचून झाला तशी ती म्हणाली, "भाऊ, आमनं नाव शे का त्यामा?"

नव्हतं. पुढारी म्हणाला, ती ठेकेदाराची, आपल्या आस्थापनेवर नाही.

आपल्या? तिनं झाडलेल्या फलाटावर तुमची गाडी लागते. संडास ती धुते. तिची जात कोणती, हे त्या मंडपात कुणाला विचारावं लागलं नसतं. १९२८च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हेच बोट ठेवलं होतं. विणखात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असतो. ही बंदी उठवण्याची मागणी यादीत घाला, नाहीतर आमची माणसं संपात राहणार नाहीत, असं त्यांनी पुढाऱ्यांना बजावलं. नाखुशीनं का होईना, मागणी यादीत आली.

आणि ठेकेदाराचं म्हणाल, तर तो फक्त झाडूपाशी थांबला का? २०१७ला शिवशाही आली, भाड्याच्या गाड्यांवर चालक ठेकेदाराचा. संप मोडायला २०२२च्या जानेवारीत खाजगी एजन्सीचे चालक आणले. मार्चमध्ये समितीनं विलीनीकरणाला नकार दिला. ७ एप्रिलला उच्च न्यायालयानं २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हा म्हणून सांगितलं आणि फाटक उघडलं. त्यानंतर पाच हजारांवर विजेच्या गाड्या भाडेकरारानं घ्यायचं ठरलं, चालक कंपनीचा. ठेकेदाराच्या भरतीला कलम १६(४) लागू नाही. म्हणजे त्या स्टेअरिंगवर आपलं पोरगं बसलंच, तर ते बिंदुनामावलीनं नाही, मुकादमाच्या मेहरबानीनं. झाडूवालीला कडेला बसवलं तेव्हा ड्रायव्हरचीही जागा तिथंच आखली जात होती, हे त्या पुढाऱ्याला कळलं नाही. की कळलं होतं?

दोस्तहो, तुमच्या तालुक्यात एसटी असो, वीज असो, नगरपालिका असो, संपाची नोटीस लिहायला माणसं बसतील तेव्हा तिथं हजर राहा. ठेक्यावरच्या सफाईवाल्यांना कायम करा, हे कलम पहिल्या पाचात लिहून घ्या. नाही म्हणाले तर मंडपाच्या मधोमध उभं राहून विचारा, का नाही? आक्काला सोबत न्या. सतरंजीवर बसवा.