गोळी आधी, डबा नंतर

सुनेला दिवस गेले की आपण महागडा पावडरचा डबा आणतो. पण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचंही कळत नाही! म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मूल हवं असं ठरलं की लगेच, डॉक्टरांना विचारून सुरू करावं.

सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिकच्या १८० गोळ्या फुकट मिळतात. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८० दिवस गोळ्या घेतलेल्या जेमतेम २६ टक्के! ‘मळमळतं, शौचाला काळं होतं’, वस्तीत हेच ऐकते. काळं होणं निरुपद्रवी आहे, हे कुणी सांगतच नाही. आणि हो, ती गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमसोबतही नको, लिंबूपाण्याबरोबर चांगली.