ओव्हन घेतला, वायरचं काय?

नाताळ आठवड्यावर आला की वसईच्या घराघरांतून केकचा वास दरवळू लागतो. पूर्वी दिवाळीला नानकटाईचे आणि नाताळात केकचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचं, भट्टीपुढे नंबर लावून बसायचं. आता ओटीजी घरातच आला. वसई, नालासोपारा, विरारच्या फ्लॅटमधून कितीतरी जणी केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेऊन चार पैसे मिळवतात. फार चांगली गोष्ट आहे. पण मैत्रिणींनो, ओव्हन घेताना आपण किती लिटरचा, कोणत्या रंगाचा, किती वर्षांची वॉरंटी, सगळं विचारतो. भिंतीतली वायर त्याला पेलेल का, हे किती जणी विचारतो?

आमच्या ओळखीतल्या एकीची गोष्ट. नवा ओव्हन ओट्यावर ठेवला. जवळ मिक्सरचा छोटा पॉइंट होता. मोठ्या पिनचा प्लग त्यात बसेना, म्हणून अडॅप्टर आणला. पहिला केक छान झाला, दुसराही झाला. तिसऱ्याला जळका वास आला. तिला वाटलं केकच करपला. बघते तर अडॅप्टर वितळून बोर्डाला चिकटलेला! नशीब ती समोरच उभी होती. ऑर्डर गेली ती गेलीच, वर नवऱ्याचं ऐकावं लागलं, "तुला वापरता येत नाही." अहो, वापरण्यात चूक नव्हती, चूक जोडणीत होती!

यात गणित आहे, पण ते आपल्या वाणसामानाच्या हिशेबापेक्षा सोपं आहे. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. त्याला २३० ने भागा, किती अँपिअर करंट लागेल ते कळतं. २००० वॅटचा ओव्हन म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. मिक्सर-मोबाइलचा छोटा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. म्हणजे पाव शेराच्या डब्यात अर्धा शेर कोंबण्यासारखंच झालं की! ओव्हनला १६ अँपिअरचा मोठा पॉवर पॉइंटच हवा.

नुसता पॉइंट मोठा बसवून भागत नाही, मागची वायरही तशी हवी. वायरची जाडी स्क्वेअर एमएममध्ये मोजतात. वायरमन तिला 'दीडची', 'अडीचची', 'चारची' म्हणतात. दिवे-पंख्यांना दीडची पुरते. ओटीजीसाठी मीटरकडच्या मुख्य बोर्डापासून स्वतंत्र अडीचची तांब्याची वायर घ्यावी. ओट्याखाली बसवायचा मोठा ओव्हन असेल, ३००० वॅटच्या पुढचा, किंवा बोर्ड लांब असेल, तर चारची घेतलेली बरी. बारीक वायरीतून जास्त करंट गेला की ती तापते, आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. वर्षानुवर्षं तापून वायरीवरचं प्लास्टिक कडक होतं, तडकतं, आणि हे सगळं भिंतीच्या आत होतं, आपल्याला दिसत नाही. जुन्या इमारतींत अॅल्युमिनिअमची वायर असेल तर आधी तपासूनच घ्या.

दुसरी गोष्ट. ओव्हन आणि गिझर एकाच लाइनवर नको. दोन्ही २००० वॅटचे असले तर मिळून साडेसतरा अँपिअर होतात. मग एमसीबी वारंवार पडतो, आणि कोणीतरी सल्ला देतं, "मोठा एमसीबी टाकून घ्या, कटकट नको." हे आगीतून फुफाट्यात जाणं झालं. एमसीबी पडतो तो वायर वाचवायला. अडीचच्या वायरीवर १६ चा एमसीबी ठीक. त्या जागी ३२ चा बसवला, तर वायर जळेपर्यंत तो गप्प बसेल. याशिवाय अर्थिंग नीट हवं आणि शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. ओल्या हातांनी काम करणाऱ्या आपणच ना!

आपल्याकडे तर खारा वारा आणि पावसाची ओल. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात घराघरांत पाणी शिरलं होतं, ते कोण विसरेल? ज्यांचे बोर्ड भिजले, त्यांनी ते पुसून तसेच चालू ठेवले असतील तर अजूनही उघडून दाखवून घ्यावेत. गंजलेला, ढिला स्क्रूसुद्धा तापतो. ओव्हन अर्धा तास चालला की बटण बंद करून प्लगला हात लावून बघा. चटका बसण्याइतका गरम लागला, तर तो ओव्हन पुन्हा लावू नका, आधी वायरमनला बोलवा.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मॉड्युलर किचनवर लाखभर खर्च होतो. टाइल्सचा रंग बाईला विचारतात, ट्रॉलीचं हँडल तिला दाखवतात. वायरचा विषय निघाला की मात्र "ते आम्ही बघतो" म्हणतात, आणि बघतात काय, तर हजारभर रुपये कसे वाचतील ते. त्या ओट्यापाशी दिवसभर उभी कोण असते? मग वायर कोणती टाकली हे तिलाच आधी कळायला हवं. नवा फ्लॅट घेतानाही बिल्डरला विचारा, स्वयंपाकघरात पॉवर पॉइंट किती आणि त्यांची लाइन स्वतंत्र आहे का. काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि वायरच्या बंडलवरचा आयएसआय मार्क स्वतःच्या डोळ्यांनी बघा. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही वाचा. घरात एसी, गिझर, ओव्हन सगळं आलं असेल तर तो वाढवून घेण्यासाठी अर्ज करा.

"बाईमाणसाला काय कळतं त्यातलं," असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. वॅटला २३० ने भागून दाखवा. ज्या हाताला केकचं माप अचूक कळतं, त्याला हे माप कठीण नाही.