फायली आल्या, मराठी मागेच राहिली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची साथ सोडली आणि घरोघरी, दुकानांत, कचेऱ्यांत संगणक बदलायचा विषय निघाला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी अलीकडचा लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी अनेक यंत्रं एका तारखेत जुनी ठरली. मग जुन्यातलं सामान नव्यात हलवणं आलं. बहुतेकांच्या बाबतीत हे काम दुपारभराचं असतं. बाहेरची हार्ड डिस्क जोडायची, फोटो आणि कागदपत्रांचे फोल्डर उचलायचे, नव्या यंत्रात टाकायचे. अगदी जुन्या आयडीई डिस्कलासुद्धा यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. टॅलीचा डेटा, आउटलुकची पीएसटी फाइल आणि ब्राउझरमधले बुकमार्क हमखास विसरले जातात. तेवढे आठवणीनं घेतले की सुटका.

मराठीत काम केलेल्यांचं मात्र एवढ्यावर भागत नाही.

पुण्यात सदाशिव-नारायण पेठांत, मुंबईत गिरगाव-दादरकडे डीटीपीची जी जुनी दुकानं तग धरून आहेत, तिथे कोपऱ्यात एखादा विंडोज एक्सपीवरचा संगणक अजूनही सापडतो. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ लाच संपली. हा संगणक इंटरनेटला जोडलेला नसतो. त्याच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टला काड्यापेटीएवढं एक लॉक लावलेलं असतं आणि ते काढलं तर मराठीचं सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. नव्या संगणकांना तसं पोर्टच नसतं. आत पंधरा-वीस वर्षांचं काम असतं: कथासंग्रह, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, पीएचडीचे प्रबंध, लग्नपत्रिका. बहुतेक सगळं पेजमेकर या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं.

या फायली नव्या यंत्रात कॉपी करायला काहीच अडचण येत नाही. एकूण एक बाइट जशीच्या तशी येते. पंचाईत होते ती फाइल उघडताना. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.०, सन २००१ ची. ॲडोबीचाच इनडिझाइन २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपर्यंत या फायली उघडत होता, पुढच्या आवृत्त्यांनी ते दार बंद केलं. खटपट करून फाइल उघडलीच, तर फॉन्ट सापडत नाही असा निरोप येतो आणि पानभर रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं पसरतात.

याचं कारण साधं आहे, पण ते छपाईच्या धंद्याबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘भारत’ टाइप केलं की फाइलमध्ये साठतात ती एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरं. कृतिदेवनं आपल्या तक्त्यात एचच्या जागी अर्ध्या भ चं चित्र बसवलेलं असतं, के च्या जागी काना, जे च्या जागी र, आर च्या जागी त. पडद्यावर ‘भारत’ दिसतो तो फॉन्टच्या कृपेनं. फॉन्ट गेला की चित्रं जातात आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे सुरेख-योगेश हे फॉन्ट, सगळ्यांची गोष्ट हीच. फक्त प्रत्येकाचा तक्ता वेगळा. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तो बदलतो. त्या काळी एका फॉन्टमध्ये जेमतेम २५६ घरं असत. त्यांत देवनागरीची मुळाक्षरं, काना-मात्रा, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरांचे तुकडे कोंबायचे होते. कुणी काय कुठे कोंबावं, यावर कुणाचंच नियंत्रण नव्हतं.

प्रमाण नव्हतं असंही नाही. भारतीय मानक ब्यूरोनं इस्की नावाचा संकेत १९९१ मध्येच प्रमाण म्हणून जाहीर केला होता आणि युनिकोड या जागतिक संकेताच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरीला जागा मिळाली होती. पण छापखान्याला पेजमेकर हवा होता आणि पेजमेकरला इंग्रजीसारखा वागणारा फॉन्ट हवा होता. प्रत्येक कंपनीनं आपली वाट काढली. या कंपन्यांनी मराठी छपाई खिळ्यांतून बाहेर काढली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. गिऱ्हाईक आपल्याच फॉन्टला बांधलेलं राहणं त्यांच्या पथ्यावर पडलं, हेही तितकंच खरं. विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड फॉन्ट आला, तरी एक्सपीमध्ये देवनागरीची सोय वेगळी चालू करावी लागे. मराठीला रोज लागणारा ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये. त्या दशकात मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ वाचायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे प्रमाण ठरवलं २००९ मध्ये.

म्हणजे साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत संगणकावर जुळवलेली बरीचशी मराठी अशा फायलींत अडकून पडली आहे. आणि खड्डा खणणं अजून थांबलेलं नाही. लेखक आज मोबाइलवर युनिकोडमध्ये लेख लिहून पाठवतो आणि जुळारी तो आधी जुन्या फॉन्टमध्ये ‘कन्व्हर्ट’ करून मगच पानात ओततो, असं आजही चालतं. सवयीचं सॉफ्टवेअर, सवयीचे टाइप, बिचाऱ्याला दोष कसा द्यावा? पण चांगल्या मजकुराची अशी उलटी पाठवणी कुठल्याही प्रकाशकाला खटकू नये, हे खटकतं.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आहेत की, असं यावर सांगितलं जातं. आहेत, त्यांतले काही फुकटही आहेत. पण ‘निर्मिती’ हा एक शब्द घेऊन पाहावा. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठतात, म्हणजे पहिली वेलांटी न च्या आधी आणि रफार त्याच्या म च्या नंतर. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो: न, मग वेलांटी, मग र, मग म. कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी एक घर पुढे आणि प्रत्येक रफार एक घर मागे उचलून ठेवावा लागतो. जोडाक्षर आलं की ‘एक घर’ म्हणजे किती, हे त्याला ओळखावं लागतं. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला तर ‘ऱ्या’ तला र ठाऊकच नसतो. मग लग्नघरातल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात आणि शब्द दोन्हीकडे बरोबर असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीसही काही बोलत नाही. मुद्रितशोधकाला पुन्हा पहिल्या ओळीपासून बसावं लागतं.

याहून मोठं नुकसान भल्या हेतूनं होतं. फाइल उघडली, कचरा दिसला, म्हणून कुणीतरी सगळा मजकूर निवडतं आणि फॉन्ट बदलून मंगल करतं. मराठी तर येत नाहीच. उलट कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये होता, ही एकुलती एक खूण पुसली जाते. मजकुरात मध्येच आलेलं इंग्रजी नाव आणि इंग्रजी अक्षरांच्या वेषातली मराठी यांत मग कन्व्हर्टरला फरक करता येत नाही. फाइल तशीच सेव्ह केली असेल तर परतीची वाटही बंद.

पुस्तक छापलेलं आहे ना, मग फाइल कशाला, असा एक युक्तिवाद असतो. तो पूर्ण चुकीचा नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना छापील प्रत द्यायची असते. तो नियम पाळला गेला असेल तर पुस्तक कुठेतरी फडताळात आहे. पण त्या प्रतीत एखादा शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही, आणि जुन्या फॉन्टमधली फाइल दिली तर तो एच-के-के-जे-आर असंच वाचतो. ई-बुक काढायचं किंवा दुसरी आवृत्ती करायची तर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. दिवाळी अंकांचं तर याहून अवघड. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून ही परंपरा आपण कौतुकानं मोजतो, पण गेल्या पिढीतल्या अंकांच्या फायली संपादकाकडे नाहीत, लेखकाकडे नाहीत. त्या जुळाऱ्याकडे आहेत आणि जुळारी आता निवृत्तीच्या वयाला आला आहे. त्यानं दुकान आवरलं की संगणक भंगारात जातो.

हे जागेचं किंवा पैशांचं दुखणं नाही. साठ हजार शब्दांची कादंबरी युनिकोडमध्ये साधा मजकूर म्हणून ठेवली तर सव्वा एमबीच्या आसपास भरते, म्हणजे जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीतही मावेल. दुखणं आहे ते हे काम कुणाचं, याचं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायला मंजुरी दिली, फटाके वाजले, भाषणं झाली. राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे. तिनं पहिलं काम फॉन्टच्या तक्त्यांचं घ्यावं. ज्या कंपन्यांनी हे फॉन्ट विकले, त्यांनी जुन्या मालिकांचे तक्ते जाहीर करावेत. दोन दशकांपूर्वीच्या तक्त्यात आता धंद्याचं कुठलं गुपित उरलेलं असणार? तक्ते हाती आले तर चांगले, तपासलेले, मराठीचे असे कन्व्हर्टर महाविद्यालयातली पोरंसुद्धा लिहितील. प्रकाशकांनी नव्या करारात युनिकोड प्रत लेखकाला देण्याचं कलम घालावं. या सगळ्याला संमेलनाच्या मांडवाइतकाही खर्च यायचा नाही.

तोवर ज्याच्या घरात किंवा दुकानात असा संगणक आहे, त्यानं सरकारची वाट पाहू नये. जुनं यंत्र चालू असतानाच प्रत्येक पेजमेकर फाइलची फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ त्याच नावानं काढून ठेवावी. तिच्यातला मजकूर कॉपी केला तर कचराच येईल, पण पान डोळ्यांना स्वच्छ दिसेल. स्वच्छ पान गूगल ड्राइव्ह किंवा टेसरॅक्ट यांसारख्या ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सोयीला, दिलं तर बरीचशी मराठी परत मिळते. कित्येकदा ती कन्व्हर्टरपेक्षा बरी निघते. विंडोजमधला फॉन्टचा अख्खा फोल्डर उचलावा, कुठल्या कामाला कुठला फॉन्ट वापरला ते एका कागदावर लिहावं. पेजमेकर नसेल तर लिबरऑफिस वापरून पाहावं. ते २०१५ पासून पेजमेकरच्या फायली उघडतं, मांडणी थोडी विस्कटते एवढंच. जाणकार हाताशी असेल तर जुन्या डिस्कची पूर्ण प्रत काढून ती नव्या संगणकात आभासी यंत्र म्हणून चालवता येते. यूएसबीचं लॉक त्यात बहुधा चालतं, प्रिंटर पोर्टचं दगा देतं. मूळ फायलींवर काहीही सेव्ह करू नये, जे करायचं ते प्रतीवर.

आणि नव्या संगणकात सगळं आलं, असं दुकानदार सांगेल तेव्हा फोल्डर मोजून थांबू नका. जुन्यातली एखादी मराठी फाइल त्याच्यासमोर उघडायला लावा, तिच्यातला एक शब्द शोधून दाखवायला सांगा आणि तो सापडेपर्यंत जुना संगणक त्याच्या ताब्यात देऊ नका.